भाताच्या बांधांवरून बेतलेले चीवर



वर्षावास संपला की आपण भन्तेजींना चीवरदान करतो. पण चीवर अखंड कापडाचे का नसते, त्यावर एवढ्या शिवणी कशाला, हे पुष्कळांना माहीत नाही. आम्ही कापड कारखान्यातले कामगार, म्हणून हा इतिहास लिहावासा वाटला.

विनयपिटकातल्या महावग्गात हकीकत आहे. तथागत राजगृहाहून दक्षिणगिरीकडे निघाले असता वाटेत मगधाची शेते दिसली. चौकोनी खाचरे, उभे-आडवे बांध. तथागतांनी आनंदाला विचारले, भिक्खूंसाठी असे चीवर करता येईल काय? आनंदाने तसे बेतून दाखवले. लांब बांधाची झाली कुसी, आखूड बांधाची अड्ढकुसी. मोठ्या खाचराचे मंडल, लहानाचे अड्ढमंडल. आपल्या चिंचणी-वाणगावची भातशेती बघा, आखणी तीच!

कापायचं कारण काय? अखंड उंची कापडाला भाव येतो, तुकडे केले की कुणाला हाव सुटत नाही. मग वस्त्र धनिकाने दिलेले असो की उकिरड्यावरून, स्मशानातून उचललेले पांसुकूल असो, अंगावर दोन्ही सारखीच. समता अशी कात्रीतून आली, असे आम्हाला वाटते.

रंगाचेही नियम होते. आधी शेण-माती वापरत, रंग वाईट येई. मग मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ असे सहा रंग ठरले. रंग उकळायचा, शिजला की नाही ते पाहायला थेंब पाण्यात किंवा नखावर टाकायचा. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत लॉट चढवण्याआधी नमुना बघतात, तसेच हे. कठिनाचे चीवर तर धुणे, कापणे, शिवणे, रंगवणे सगळे एकाच दिवसात व्हावे लागते.

आता विणणाऱ्यांचे पाहू. नाशिकच्या १० नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, इ.स. १२० च्या सुमाराचा. त्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणीकडे २००० कार्षापण कायमची ठेव ठेवली. व्याजातून २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात आपल्या डहाणूच्या नदीवर त्याने फुकट नावा ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे संघाच्या वस्त्राचा पैसा विणकरांवर भरवसा टाकून ठेवला होता.

आणि १९२८ साली? मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याने म्हणे विटाळ होई! त्या वर्षीच्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

म्हणून आमची विनंती. दुकानातले तयार चीवर जरूर द्या, त्यात दोष नाही. पण वर्षातून निदान एक चीवर विहारात सर्वांनी मिळून धुवावे, बेतावे, शिवावे, रंगवावे. ज्या हातांना धाग्याला शिवू दिले नाही, त्या हातांनी ते व्हावे. मुलांना बांध आणि खाचरे दाखवावीत. इतिहास असाही शिकवता येतो.

नमो बुद्धाय, जय भीम!