बारावीनंतरचा उंबरठा : चामोर्शी परिसर आणि अपंगांचे उच्च शिक्षण

चामोर्शीच्या बोलण्यात ‘कॉलेज’ हा शब्द दहावीनंतर लगेच सुरू होतो. वस्तुतः अकरावी-बारावीचे वर्ग पुष्कळदा माध्यमिक शाळेच्याच आवारात भरतात; शिक्षक ओळखीचे असतात, आणि परीक्षेसाठी लेखनिक हवा असल्यास तो खालच्या वर्गातच सापडतो. अपंग विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरा उंबरठा त्यापुढे, बारावीनंतर, लागतो. प्रचलित शब्दाने तो झाकून टाकला आहे.

कायद्याने हा उंबरठा वयाच्या अठराव्या वर्षाशी बांधला. 1995 च्या अधिनियमाने तोपर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली, व शासकीय आणि अनुदानित संस्थांत तीन टक्के जागा राखल्या. 2016 च्या अधिनियमाने उच्च शिक्षणातील प्रमाण पाच टक्क्यांवर नेले, कमाल वयात पाच वर्षांची सवलत दिली. अठराची रेघ मात्र होती तेथेच राहिली. ज्याची वर्षे आजारपणात बुडाली, तो बारावी संपण्यापूर्वीच ती ओलांडतो. दरम्यान ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला. शब्द बदलणे हे नेहमीच सोपे काम ठरले आहे.

या भूभागाला एक निराळा पूर्वेतिहासही आहे. चामोर्शी 1982 पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होते, आणि त्याच जिल्ह्यातील वरोऱ्यानजीक बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले. तेथे 1964 मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय निघाले. समाजाने ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्या वसाहतीत बाहेरची निरोगी मुले पदवीसाठी जाऊ लागली; प्रवेशाची दिशाच उलटली. कुष्ठमुक्त व्यक्तीला कायद्याने अपंगांत गणले ते त्यानंतर तीन दशकांनी. तथापि वरोरा चामोर्शीपासून दूर, आणि असे उदाहरण दुसऱ्या गावी आपोआप रुजत नाही. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाले ते 2011 साली. तोवर येथील महाविद्यालयांचा कारभार नागपूर विद्यापीठाकडे होता.

परंतु या परिसरात प्रश्नाचे सर्वांत बिकट रूप डोळ्यांना दिसत नाही. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा सिकलसेल हा आनुवंशिक विकार भारतात प्रथम 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. विदर्भातील आदिवासी व अन्य समाजांतही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. 1995 च्या यादीत तो नव्हता. 2016 च्या एकवीस प्रकारांत थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांच्यासह तो आला. अशा विद्यार्थ्याला कुबडी नसते, ब्रेल नको असते. वेदनेचा झटका आला की आठवडाभर वर्ग चुकतो. शाळेत गुरुजींना घर ठाऊक असते, ते निरोप पाठवितात. महाविद्यालयात हजेरीपटावर केवळ गैरहजेरी उमटते. किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तरच राखीव जागा मिळते, आणि नुसत्या वाहकाला तो मिळत नाही, हे योग्यच. पण ज्याला दुखणे आहे त्यालाही निरोगी दिसण्याचा दंड भरावा लागतो.

शिवाय याच अधिनियमाच्या बत्तिसाव्या कलमाने अशा विद्यार्थ्याला महाविद्यालयाचे दार उघडून दिले असले, तरी शासकीय नोकरीतील राखीव जागांच्या चौतिसाव्या कलमात रक्तविकारांचा समावेश नाही.