बालाघाटात मुक्काम : कॅरॅव्हॅनचा तळ कोठे टाकावा?

वाशी म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर नवी मुंबईतील वाशी उभी राहते. येथे विचार करावयाचा आहे तो धाराशिव जिल्ह्यातील, बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या वाशी तालुक्याचा. डोंगरमाथे, उतारावरील पाझर तलाव आणि मोकळे माळ यांमुळे वाहनातच मुक्काम करू इच्छिणाऱ्यांना हा परिसर खुणावतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. पवना किंवा भंडारदरा येथे जलाशयाच्या काठी मुक्कामाच्या तयार सोयी सापडतात. वाशीकडे मात्र तळाची जागा बहुधा प्रवाशालाच पारखावी लागते. ही पारख करताना समोरचे दृश्य दुय्यम मानावे. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हा पहिला प्रश्न असावा.

पाणलोटाची ओळख

बालाघाटाची रांग गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा या भागाच्या उत्तरेकडून वाहते, तर तिची उपनदी तेरणा वाशी तालुक्यातील तेरखेड्याजवळ उगम पावते. म्हणजेच येथील अनेक प्रवाह उगमाजवळचे, लहान आणि उताराचे आहेत. असे ओढे वर्षातील बराच काळ कोरडे असतात. परंतु माथ्यावर जोरदार पाऊस झाल्यास थोड्याच वेळात दुथडी भरतात. तळाच्या जागी आकाश निरभ्र असतानाही वरून लोंढा येऊ शकतो. ओढ्याच्या पात्रातील सपाट वाळू वाहन उभे करण्यास कितीही सोयीची वाटली, तरी ती टाळावी.

तलावाचा काठ

हा प्रदेश पर्जन्यछायेचा. तलाव साधारणतः ऑक्टोबर ते जानेवारी या काळात भरलेले दिसतात आणि उन्हाळ्यात अनेकांचा तळ उघडा पडतो. २०१६ च्या दुष्काळात धनेगाव येथील मांजरा प्रकल्प आटला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले, हे वाचकांना स्मरत असेल. पावसाळ्यात टिपलेले छायाचित्र पाहून एप्रिलमध्ये निघालेल्या प्रवाशाची निराशा होण्याचा संभव असतो.

परंतु दुष्काळी प्रदेश म्हणजे पुराचे भय नाही, हा समजही घातक आहे. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यात मोठी हानी केली. परंडा तालुक्यात पुराने वेढलेल्या नागरिकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. मराठवाड्यात सप्टेंबर हा जोरदार पावसाचा महिना ठरू शकतो. त्यामुळे तलावाच्या सांडव्याच्या पातळीहून वर जागा शोधावी. भरावाच्या खालच्या अंगास किंवा सांडव्याच्या वाटेवर वाहन कदापि उभे करू नये. हिवाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन मोकळी भासते. ती बुडीत क्षेत्रातील असून शेतकरी तेथे गाळपेर करतात. तेथे चाके घालणे म्हणजे एखाद्याचे पीक तुडवणे होय.

जमीन आणि वारा

कॅरॅव्हॅन हे जड वाहन आहे. काळ्या जमिनीवर एक सर पडली तरी चाके रुततात आणि मग ट्रॅक्टर बोलावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मुरमाड, किंचित उताराची जागा सर्वोत्तम. पाणी साचत नाही आणि वाहन बाहेर काढता येते. पठारावर वाऱ्याचा जोर किती असतो, हे परिसरातील पवनचक्क्याच सांगतात. पावसाळ्यात उघड्या माथ्यापेक्षा टेकडीच्या आडोशाची जागा निवडावी आणि वाहनाचे तोंड वाऱ्याच्या दिशेने ठेवावे. मात्र एकट्या झाडाखाली किंवा विजेच्या तारांखाली थांबू नये.

पिण्याचे आणि सांडपाणी

काटकसरीने माणशी दररोज १५ लिटर पाणी धरले, तरी चौघांना दोन दिवसांसाठी १२० लिटर लागते. ही टाकी निघतानाच भरून घ्यावी. उन्हाळ्यात गावाच्या पाण्यावर विसंबू नये. जेथे ग्रामस्थच टँकरची वाट पाहतात, तेथे पाहुण्याने पाणी मागणे अवघड. शौचटाकी आणि स्वयंपाकाचे सांडपाणी तलावात किंवा ओढ्यात सोडणे हा तर अक्षम्य अपराध मानावा. हेच पाणी झिरपून खालच्या विहिरींत उतरते. टाकी रिकामी करण्याची सोय कोठे आहे, हे मुक्कामापूर्वीच विचारून ठेवावे.

वर्ज्य ठिकाणे आणि हंगाम

येडशी-रामलिंग घाट परिसर पावसाळ्यात रमणीय असतो. परंतु ते अभयारण्य आहे. वनविभागाच्या परवानगीविना तेथे रात्रीचा तळ टाकता येत नाही. तेरखेडा फटाक्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. कारखान्यांच्या जवळपास मुक्काम करू नये आणि चूलही पेटवू नये. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत रस्ते गर्दीने भरून जातात. गाळप हंगामात उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीही धावतात, म्हणून तळ अंधार पडण्यापूर्वी गाठावा.

परवानगी कोणाची?

मालकाच्या संमतीखेरीज कोणत्याही जमिनीवर थांबू नये. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. अशा नोंदणीकृत केंद्राच्या आवारात जागा मिळाल्यास पाणी, वीज आणि स्वच्छतागृह यांचा प्रश्न एकदमच सुटतो. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गालगतच्या एखाद्या मोठ्या ढाब्याच्या आवारात विचारून एक रात्र काढणे हा दुसरा मार्ग. जवळच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैन सिद्धक्षेत्र आहे. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये येथेच सल्लेखना घेतली. तेथे थांबावयाचे झाल्यास व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी आणि क्षेत्राचे आहारविषयक नियम पाळावेत. या परिसरातील खवा आणि पेढे प्रसिद्ध आहेत. परतताना त्यांची खरेदी जरूर करावी.

जागा पसंत पडली की वाहन उभे करण्यापूर्वी आसपासच्या शेतात काम करणाऱ्या किंवा गुरे चारणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसास एवढेच विचारावे, 'गेल्या पावसात पाणी कोठवर आले होते?' तो हात करून जी खूण दाखवील, तिच्याही वर तळ टाकावा.