इंजिनाचा दिवा आणि मिस्त्रीचा कान



इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. याच मंडपात त्यांवर विद्वानांची व्याख्याने आपण ऐकली आहेत. मी आज आपल्यापुढे एका दिव्याचा इतिहास मांडणार आहे. हा दिवा नखाएवढा असतो. मोटार चालवणाऱ्याच्या समोर, वेगाच्या काट्याशेजारी, इंजिनाचे पिवळे चित्र उजळते, तोच हा दिवा. मी इतिहाससंशोधक नाही आणि इंजिनिअरही नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयात झाले. तेव्हा या विषयाकडे मी का वळलो, हे आधी सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमधल्या तरुण फिटरचे प्रकरण माझ्याकडे आले. एक गाडी स्लोला थरथरत होती, मिसिंग मारत होती आणि तो पिवळा दिवा लागला होता. यंत्र जोडले, यंत्राने एक आकडा दाखवला, आणि सुपरवायझरच्या सांगण्यावरून त्या मुलाने धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर बदलला. तिसऱ्या दिवशी गाडी तशीच थरथरत परत आली. गिऱ्हाईक संतापले. सेन्सरची किंमत मुलाच्या पगारातून कापली गेली आणि पुढल्या महिन्यात त्याला कामावरून कमी करण्यात आले. बोलणी झाली तेव्हा मालकाने यंत्राची छापील चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "यंत्राने सांगितले, याला जमले नाही," एवढेच त्याचे म्हणणे. मी वीस वर्षे वाटाघाटी केलेला माणूस. परंतु त्या चिठ्ठीपुढे गप्प बसलो, कारण यंत्राने नेमके काय सांगितले होते हेच मला ठाऊक नव्हते. पुढे दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडून रबराची एक नळी बोटांनी वाकवली आणि तिची भेग दाखवली. दोष तेथे होता. तोवर तो मुलगा गावी निघून गेला होता.

त्या गप्प बसण्याची टोचणी मनाला लागून राहिली. म्हणून मी या दिव्याच्या मागे लागलो.

पहिल्या मोटारींना असा दिवा नव्हता. इंजिनाची प्रकृती चालकाने कानाने, नाकाने आणि हाताला लागणाऱ्या थरथरीने ओळखायची. तेलाचा दाब आणि पाण्याची उष्णता दाखवणारे काटे असत. ते वाचावे लागत. १९३०च्या दशकात काही अमेरिकन गाड्यांत काट्याऐवजी दिवे आले. पेटला की थांबायचे, इतकाच अर्थ. अमेरिकेतल्या जाणत्या चालकांनी त्यांना कुचेष्टेने 'मूर्खांचे दिवे' असे नाव दिले. काटा किती बिघडले ते सांगतो. दिवा फक्त बिघडले एवढेच सांगतो, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो खरा होता.

परंतु आपला पिवळा दिवा या कुळातला नाही. त्याचा जन्म चालकाच्या सोयीसाठी झालाच नाही. तो झाला रस्त्यावर श्वास घेणाऱ्या माणसासाठी.

१९४३च्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिस शहरावर असा काही तपकिरी धुरकट पडदा आला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले. युद्धाचे दिवस होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका आली. प्रथम कारखान्यांकडे बोट दाखवले गेले. पुढे आरी हागेन-स्मिट नावाच्या, हॉलंडात जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास या धुरक्याचा माग काढला. हा गृहस्थ तोवर अननसाच्या स्वादाची रसायने शोधण्यात गुंतलेला होता. त्याने दाखवून दिले की, न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर कडक ऊन पडले की ओझोन तयार होतो, आणि डोळ्यांना झोंबणाऱ्या त्या हवेचे मूळ तेथे आहे. याचा अर्थ, गुन्हेगार घराघरांच्या दारात उभा होता. तो म्हणजे मोटार.

मोटार कंपन्यांनी हे सहजी मान्य केले नाही. १९६९ साली अमेरिकेच्या न्यायखात्याने मोठ्या मोटार कंपन्यांवर खटला भरला. धूर कमी करणारी साधने लवकर येऊ नयेत म्हणून त्यांनी आपसांत संगनमत केले, असा आरोप होता. खटला त्याच वर्षी तडजोडीने मिटला. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. मालक एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात ते बाजारात. खर्च टाळायचा असला की त्यांचीही युनियन होते.

तथापि लोकमताचा रेटा वाढत होता. १९६७ साली कॅलिफोर्नियाने हवेच्या रक्षणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले आणि हागेन-स्मिटच त्याचा पहिला अध्यक्ष झाला. १९७० च्या अखेरीस अमेरिकेत शुद्ध हवेचा कडक कायदा झाला. नव्या मोटारींचे प्रदूषण काही वर्षांत नव्वद टक्के कमी करा, असा त्याचा हुकूम होता. १९७५ च्या गाड्यांपासून धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. विषारी वायूंचे रूपांतर करणारी ही भट्टीच म्हणा ना. तिला शिशाचे पेट्रोल चालत नाही, म्हणून बिनशिशाचे पेट्रोल आले. आणि तिन्ही प्रकारचे वायू एकदम निवळायचे, तर पेट्रोल-हवेचे प्रमाण काटेकोर हवे: वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. कार्ब्युरेटरच्या स्क्रूने हे साधत नाही. म्हणून धुरातला उरलेला ऑक्सिजन चाखणारा सेन्सर आला. १९७६ च्या सुमारास वोल्वोच्या कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत तो प्रथम बसला. त्याचे ऐकून पेट्रोल कमीजास्त करणारा संगणकही आला.

आता नवा प्रश्न उभा राहिला. कारखान्यातून उत्तीर्ण होऊन निघालेली गाडी पाच वर्षांनी रस्त्यावर काय सोडते, हे पाहणार कोण? प्रत्येक गाडीमागे इन्स्पेक्टर ठेवता येत नाही. म्हणून कॅलिफोर्नियाने ठरवले की, पहारेकरी गाडीतच बसवावा. १९८८ च्या गाड्यांपासून संगणकाने स्वतःच्या सेन्सरांवर नजर ठेवून दोष आढळताच दिवा लावणे तेथे सक्तीचे झाले. १९९६ पासून सबंध अमेरिकेत नव्या मोटारींना दुसरी, अधिक कडक पद्धत लागू झाली. त्यात जोडणीचा सॉकेट सारखा आणि दोषांचे आकडेही बव्हंशी समान झाले. म्हणजे हा दिवा वस्तुतः जनतेने गाडीत बसवलेला साक्षीदार आहे.

हा साक्षीदार साक्ष कशी देतो, हे एका जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या उदाहरणाने पाहू. जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची उघडी गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. पहिल्या गाड्या आज तीस वर्षांच्या वर गेल्या आहेत आणि हौशी माणसे त्या अजून जपतात. ही गाडी दोन युगांच्या उंबरठ्यावर उभी आहे: संगणक आहे, पण तो अद्याप फारसे बोलत नाही.

अमेरिकेत विकलेल्या या पहिल्या गाड्यांत बॉनेटखाली एक लहान डबी आहे. तिच्यातली दोन ठरावीक टोके तारेने जोडली आणि किल्ली फिरवली की तबकडीवरचा दिवा लुकलुकू लागतो. लांब लुकलुक दहाची, आखूड एकाची. एक लांब आणि पाच आखूड, म्हणजे १५. पुस्तकात १५ समोर लिहिलेले असते: ऑक्सिजन सेन्सर. अर्धवट माणूस येथे थांबतो आणि सेन्सर बदलतो. पण आकड्याचा खरा अर्थ एवढाच की, त्या सेन्सरकडून येणारा विद्युत्दाब कमी आहे. दाब कमी येण्याची कारणे दोन: सेन्सर मेला असेल, किंवा सेन्सर ठणठणीत असून धुरात खरोखरच ऑक्सिजन जास्त असेल. पहिल्यात साक्षीदार बिघडला आहे. दुसऱ्यात साक्षीदार खरे बोलत आहे. खऱ्या साक्षीदाराला काढून नवा उभा केला, तर तोही तेच सांगणार!

या गाडीत आत येणारी हवा एक हलती पाकळी मोजते आणि त्या मापावर संगणक पेट्रोल सोडतो. पाकळी आणि इंजिन यांमधल्या रबरी नळ्याला वयोमानाने भेगा पडतात. भेगेतून आत शिरलेली हवा कोणी मोजलेली नसते. पेट्रोल कमी, हवा जास्त. मिश्रण पातळ होते. स्लोला हवेचा पडदा जवळजवळ मिटलेला असतो आणि इंजिन मुळात थोडीशीच हवा घेते. त्यात चोरवाटेची हवा मोठा हिस्सा ठरतो. रेस दिली की तोच हिस्सा नगण्य होतो. म्हणून जी गाडी उभी असता थरथरते आणि धावताना सुधारते, तिच्यात मिस्त्री आधी हवेची गळती शोधतो. हे ज्ञान कोणत्याही आकड्यात लिहिलेले नाही.

या इंजिनाची ठरलेली स्लो मिनिटाला ८५० फेऱ्यांची. चार सिलिंडर, दर दोन फेऱ्यांत प्रत्येकाचा एक स्फोट; म्हणजे मिनिटाला १७००, सेकंदाला अठ्ठावीस. त्यातला चौथा भाग गळाला की गाडी अंगात कापरे भरल्यासारखी हलते. कोणता सिलिंडर गळाला? एकेका इंजेक्टरचा प्लग काढून पाहावा; ज्याचा काढल्याने इंजिनाची चाल बदलत नाही, तो आधीच आजारी. एक आणि चार यांना ठिणगी देणारी कॉइल एक, दोन आणि तीन यांची दुसरी. जोडीच्या जोडी मेली तर संशय कॉइलवर. एकटाच मेला तर स्पार्क प्लग, त्याची वायर, इंजेक्टर, आणि शेवटी सिलिंडरचा दाब. स्वस्त आणि सोपे ते आधी, महाग आणि अवघड ते नंतर, असा हा क्रम आहे.

१९९६ नंतरचा संगणक याहून चतुर झाला. क्रँकशाफ्टची गती तो क्षणाक्षणाला मोजतो. एखादा स्फोट चुकला की फिरण्यात सूक्ष्म गचका येतो, तो ओळखतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरची चूक, पी ०३०० म्हणजे अनेक सिलिंडरांची वा निश्चित न सांगता येणारी, पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टर जाळून टाकेल इतक्या चुका झाल्या, तर दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागतो. तेव्हा जोर न देता गाडी लवकर बाजूला घ्यावी. परंतु या आकड्यांतही दोष कशात दिसला ते असते. कशामुळे झाला ते नसते. तापाची पट्टी ताप सांगते, हिवताप की विषमज्वर हे वैद्याने ठरवायचे.

आणि येथे इतिहास पुन्हा आपल्या विषयाशी येतो. साक्षीदार बोलू लागला, पण त्याची भाषा कोणाला शिकवायची? कंपन्यांना ती आपल्याच गॅरेजांपुरती ठेवणे सोयीचे होते. १९९० साली अमेरिकेच्या शुद्ध हवेच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा त्यात लिहिले गेले की, प्रदूषणाशी संबंधित दुरुस्तीची माहिती दुरुस्ती करणाऱ्या कोणालाही मिळाली पाहिजे. हवा सगळ्यांची, तर तिच्या साक्षीदाराची भाषाही सगळ्यांची, हे तत्त्व त्यात होते. तरीही झगडा संपला नाही. २०१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काला प्रचंड बहुमताने कौल दिला. आपल्याकडे २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. मोटारी तिच्या कक्षेत होत्या.

साक्षीदार फितूर होऊ शकतो, हेही जगाने पाहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केले की, फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतला संगणक तपासणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरताच सभ्य वागत होता. रस्त्यावर मात्र काही वायू मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत सुटत होते. चालकापुढचा दिवा शांत होता. ही लबाडी दिव्याने पकडली नाही. रस्त्यावर गाड्या चालवून, नळीला उपकरणे जोडून, वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेल्या मोजमापातून ती बाहेर आली.

मित्रहो, मी यंत्राच्या विरुद्ध नाही. ज्या दिव्याने शहरांची हवा राखायला हात लावला, त्याला मी शिव्या देणार नाही. माझे म्हणणे इतकेच की, यंत्राची चिठ्ठी हा पुरावा आहे, निकाल नव्हे. ज्या कामगाराच्या हाती आपण यंत्र देतो, त्याला त्या यंत्राची भाषा शिकवण्याचा खर्च मालकाने उचलला पाहिजे, आणि निदानासाठी लागणारा वेळ हे काम मानून त्याचे दाम दिले पाहिजे. आज बहुतेक गॅरेजांत सुटा भाग बदलल्याचे पैसे मिळतात. अर्धा तास नळ्या वाकवून पाहिल्याचे मिळत नाहीत. मग फिटर भाग बदलणार नाही तर काय करील?

त्या मुलाचा पत्ता मी पुढे शोधून काढला. तो आता गावात ट्रॅक्टर दुरुस्त करतो. मी जाऊन त्याला सांगितले की, त्या दिवशी सेन्सर खरे बोलत होता आणि मला ते कळत नव्हते. तो हसला आणि म्हणाला, "काका, मलाही कळत नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं." युनियनने त्याच वर्षीपासून दर रविवारी सकाळी फिटरांचा वर्ग सुरू केला. एक जुने इंजिन मध्यभागी ठेवलेले असते. पहिला धडा यंत्राचा नसतो. डोळे मिटून इंजिन ऐकण्याचा असतो. आपल्यापैकी ज्यांच्याकडे मोटारी आहेत, त्यांनी दिवा लागला तर मिस्त्रीला "कोणता भाग बदलला?" असे विचारण्याआधी "कारण काय सापडले?" असे विचारावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.