सुपर फाल्कन्स : विजय आणि थकबाकी



ज्या शाळेत मी आयुष्याची तेवीस वर्षे इतिहास शिकविला, त्याच शाळेत बाईंच्या स्मृतिव्याख्यानासाठी उभे राहण्याचा योग आज आला आहे. हा माझा बहुमान आहे, आणि थोडासा संकोचाचा विषयही आहे. या व्यासपीठावरून यापूर्वी संतवाङ्मयावर, गोव्याच्या मुक्तिलढ्यावर, मराठी रंगभूमीवर अधिकारी व्यक्तींनी विवेचन केले. त्या मालिकेत पश्चिम आफ्रिकेतील एका महिला फुटबॉल संघाचा इतिहास कसा काय बसतो, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका वाचून काहींना पडला असेल. एक उत्तर सोपे आहे. बाई या शाळेच्या क्रीडाशिक्षिका होत्या. दुसरे उत्तर थोडे अवघड आहे. ते मी अखेरीस देईन.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात भरली. भुवनेश्वर आणि नवी मुंबई यांच्याबरोबर आपल्या मडगावलाही तिचे यजमानपद लाभले होते. ११ ऑक्टोबर रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर नायजेरियाच्या मुली जर्मनीकडून २-१ अशा हरल्या. तीनच दिवसांनी त्यांनी न्यूझीलंडला ४-० असे नमविले. पुढे त्या उपांत्य फेरीसाठी पुन्हा येथेच आल्या. २६ तारखेच्या त्या सामन्याला मी प्रेक्षकांत होतो. कोलंबियाविरुद्ध पूर्ण वेळ गोलशून्य बरोबरी झाली आणि पेनल्टींवर नायजेरिया ६-५ अशी हरली. त्या पोरी मैदानावर बसून रडल्या. आणि चारच दिवसांनी नवी मुंबईत जर्मनीला पेनल्टींवर हरवून त्यांनी तिसरे स्थान मिळविले. या गटाच्या विश्वचषकात नायजेरियाचे हे पहिलेच पदक. घरी परतल्यावर मी या मुलींच्या थोरल्या बहिणींचा, म्हणजे ‘सुपर फाल्कन्स’ या राष्ट्रीय महिला संघाचा इतिहास धुंडाळू लागलो. फाल्कन म्हणजे ससाणा. त्या वाचनातून जे हाती लागले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रारंभ थोडा मागून करावा लागेल. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर स्त्रियांचा एक सामना पाहावयास सुमारे ५३,००० लोक जमले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या संलग्न क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, असे तिचे म्हणणे होते. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. यातील युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. स्त्रियांनी खेळू नये असा कायदा कोणी केला नाही. केवळ त्यांना मैदान मिळेनासे झाले. नायजेरियात फुटबॉल पोहोचला तो ब्रिटिश अमदानीत, आणि तो देश १९६० साली स्वतंत्र झाला. स्वातंत्र्यानंतर तेथे पुरुषांचा खेळ राष्ट्राभिमानाचा विषय बनला. स्त्रियांचा राष्ट्रीय संघ उभा राहण्यास मात्र आणखी तीस वर्षे जावी लागली.

१६ फेब्रुवारी १९९१ रोजी नायजेरियाच्या महिला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या आणि घानाला त्यांनी ५-१ असे हरविले. महिलांचा पहिला विश्वचषक त्याच वर्षी चीनमध्ये व्हावयाचा होता. आफ्रिकेचा प्रतिनिधी ठरविण्यासाठी जी स्पर्धा योजली होती, तिच्यातून अनेक देशांनी मैदानात न उतरताच माघार घेतली. अंतिम फेरीच्या दोन सामन्यांत कॅमेरूनला २-० आणि ४-० असे पराभूत करून नायजेरिया चीनला गेली. या स्पर्धेत महिलांचे सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे होते. स्त्रियांच्या दमावर आयोजकांचा कितपत विश्वास होता, हे यावरून कळते. तिन्ही सामने नायजेरिया हरली. जर्मनीकडून ४-०, इटलीकडून १-० आणि चायनीज तैपेईकडून २-०. त्या वेळी त्यांचे प्रशिक्षक होते हॉलंडचे यो बाँफ्रेर. याच गृहस्थांनी पुढे १९९६ मध्ये नायजेरियाच्या पुरुष संघाला अटलांटा ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवून दिले. १९९५ साली स्वीडनमध्ये महिलांनी कॅनडाशी ३-३ अशी बरोबरी साधली, पण नॉर्वेने त्यांच्यावर आठ गोल चढविले. शिकावयाचे ते असे मार खातच शिकावे लागले.

त्या शिक्षणाचे फळ १९९९ साली अमेरिकेत दिसले. तत्पूर्वी १९९८ ची आफ्रिकी स्पर्धा त्यांनी मायदेशी एकही गोल न स्वीकारता जिंकली होती. प्रशिक्षक होते जोस शहरातील मायटी जेट्स क्लबचे जुने खेळाडू इस्माइला माबो. कर्णधार फ्लॉरेन्स ओमाग्बेमी. आघाडीला पोर्ट हारकोर्टची मर्सी अकिडे आणि न्किरू ओकोसिएमे. ओकोसिएमेचे टोपणनाव होते ‘हेडमिस्ट्रेस’. इतके गोल ती डोक्याने करी, की लोकांनी तिला मुख्याध्यापिका करून टाकले! आमच्या माजी मुख्याध्यापिका समोरच बसल्या आहेत. त्यांनी या पदव्युत्पत्तीबद्दल मला क्षमा करावी.

उत्तर कोरियाला हरविल्यानंतर २४ जून रोजी शिकागोत गाठ पडली ती यजमान अमेरिकेशी. प्रेक्षक ६५,००० होते. दुसऱ्याच मिनिटाला याच हेडमिस्ट्रेसने गोल केला आणि मैदान स्तब्ध झाले. त्यानंतर अमेरिकेने सात गोल केले. एखादा संघ अशा पराभवाने खचून गेला असता. तीन दिवसांनी नायजेरियाने डेन्मार्कला २-० असे हरविले आणि विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठणारा आफ्रिकेचा पहिला महिला संघ असा लौकिक मिळविला.

१ जुलै १९९९. वॉशिंग्टननजीक लँडोव्हर येथे समोर ब्राझील. मध्यंतरापर्यंत ब्राझील ३-० असा पुढे होता. उत्तरार्धात ६३ व्या मिनिटाला प्रिस्का एमेआफूने पहिला गोल फेडला, ७२ व्या मिनिटाला ओकोसिएमेने दुसरा, आणि ८५ व्या मिनिटाला न्केची एग्बेने तिसरा. ३-३ ! जादा वेळेत जो प्रथम गोल करील तो विजयी, असा तेव्हा नियम होता. १०४ व्या मिनिटाला ब्राझीलच्या सिस्सीने फ्री-किकवर तो गोल केला. नायजेरिया हरली, परंतु हरलेल्या संघाचे नाव ज्या सामन्यामुळे कायमचे स्मरणात राहते, अशा मोजक्या सामन्यांपैकी तो एक आहे. पुढे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानला हरवून हा संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला.

मित्रहो, येथवरचा इतिहास करंडकांच्या कपाटातला आहे. आफ्रिका खंडात या संघाची सत्ता जवळजवळ अबाधित राहिली. १९९१ आणि १९९५ च्या पात्रता स्पर्धा धरल्या, तर त्यांची विजेतेपदे बारा होतात. १९९८ पासूनचीच मोजली, तर दहा. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने कपाटाबरोबर हिशेबाची वहीही उघडली पाहिजे. ती उघडली की वेगळेच चित्र दिसते.

२००४ साली दक्षिण आफ्रिकेत कॅमेरूनला अंतिम सामन्यात ५-० असे चिरडल्यावर या विजेत्या मुलींनी हॉटेल सोडण्यास नकार दिला. ठरलेला बोनस त्यांना मिळाला नव्हता. बारा वर्षांनी हाच प्रसंग पुन्हा घडला. डिसेंबर २०१६ मध्ये याउंदे येथे यजमान कॅमेरूनला १-० असे हरवून त्या मायदेशी परतल्या आणि थकलेल्या पैशांसाठी राजधानी अबुजाच्या हॉटेलात ठाण मांडून बसल्या. प्रशिक्षक होत्या त्याच फ्लॉरेन्स ओमाग्बेमी. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी त्यांनी ही स्पर्धा जिंकली. राष्ट्राध्यक्ष संसदेत अंदाजपत्रक मांडत होते, त्याच दिवशी या मुली हाती फलक घेऊन संसदेच्या दारी गेल्या. संघ जिंकेल याची खात्री नव्हती, म्हणून पैशांची तरतूद झाली नव्हती, अशा आशयाचा खुलासा तेव्हाच्या क्रीडामंत्र्यांनी केला. जो संघ सतत जिंकत आला, त्याच्या विजयाची खात्री नव्हती! मोर्चानंतर ती रक्कम चुकती झाली. पण २०१९ मध्ये फ्रान्समधील विश्वचषकाच्या वेळी पुन्हा मागील थकबाकीसाठी हॉटेलातच धरणे धरावे लागले. २०२३ च्या विश्वचषकात या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरविले आणि इंग्लंडसारख्या बलाढ्य संघाला गोल करू दिला नाही. पेनल्टींवरच त्या बाहेर पडल्या. ओनोमे एबी ही त्यांची ज्येष्ठ खेळाडू तेव्हा आपल्या सहाव्या विश्वचषकाला गेली होती. आणि स्पर्धेतील आव्हान संपताच खेळाडूंच्या जागतिक संघटनेने जाहीर केले, की २०२१ पासूनच्या देण्यांचा वाद अजून मिटलेला नाही.

न्यायाची बाजू म्हणून हेही सांगितले पाहिजे, की नायजेरियाच्या पुरुष संघालाही अशा तक्रारी कराव्या लागल्या आहेत. २०१४ साली ब्राझीलमधील विश्वचषकात त्यांनी याच कारणासाठी सरावावर बहिष्कार घातला होता. केवळ स्त्रीद्वेषाने या साऱ्याचा उलगडा होत नाही; कारभारातील ढिलाईही त्यात आहे. परंतु ढिलाईचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही. ज्याचा आवाज बारीक, त्याचे देणे सर्वांत शेवटी, हा जगाचा जुना व्यवहार आहे.

जुलै २०२५ मध्ये राबात येथे आफ्रिकी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. मध्यंतराला मोरोक्को २-० असा पुढे होता. उत्तरार्धात तीन गोल करून नायजेरियाने सामना जिंकला. मायदेशी राष्ट्राध्यक्षांनी प्रत्येक खेळाडूला एक लाख डॉलर मूल्याची रक्कम, घर आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर केला. मला त्या मुलींसाठी मनापासून आनंद झाला. तरीही इतिहासाचा शिक्षक म्हणून एक भेद नोंदवावासा वाटतो. बक्षीस हे देणाऱ्याच्या औदार्यावर अवलंबून असते. मोबदला हा घेणाऱ्याचा अधिकार असतो. बक्षिसाने मोबदल्याची जागा घेतली, की पुढच्या पिढीला पुन्हा दाराशी उभे राहावे लागते.

या साऱ्या वाचनात एक गोष्ट मला सतत बोचत राहिली. या मुलींना ‘तुमचे पैसे देणार नाही’ असे कोणीच म्हटले नाही. सर्वजण म्हणत राहिले, ‘पुढे पाहू.’ आणि येथे मी सुरुवातीला टाळलेले दुसरे उत्तर देतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी बाई माझ्याकडे आल्या होत्या. शाळेचे वेळापत्रक तेव्हा मी करीत असे. आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान मुलींना फुटबॉलसाठी मिळावे, एवढेच त्यांचे मागणे होते. मी नाही म्हटले नाही. ‘मुलांचे सामने जवळ आलेत, बाई, पुढे पाहू,’ असे म्हणालो. पुढल्या वर्षी त्या पुन्हा आल्या, मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या वर्षी त्या आल्या नाहीत. मुलींना घेऊन शाळेमागच्या शेतात, भातकापणी झाल्यावरच्या खुंटांत खेळवू लागल्या. त्यांतील काही जणी आज या सभागृहात आहेत. मी स्वतःला मुलींच्या शिक्षणाचा कैवारी समजत होतो. मला कोणाचा विरोध करावयाचा नव्हता. माझ्यापाशी फक्त मोकळी संध्याकाळ नव्हती. फातोर्ड्याला मैदानावर रडणाऱ्या त्या परक्या मुली पाहताना मला हे शेत आठवले.

बाई गेल्या; त्यांची क्षमा मागावयाची वेळ मी गमावली. म्हणून ती आज त्यांच्या विद्यार्थिनींपाशी मागतो. अबुजाच्या त्या मुली संसदेच्या दारी गेल्या, कारण थांबून पाहण्याची त्यांची सारी वर्षे संपली होती. आपल्या मुलींवर ती पाळी येऊ नये. येत्या जूनपासून शाळेच्या सूचनाफलकावरील वेळापत्रकात त्यांचे दोन वार छापून यावेत, आणि मुलांचे सामने कितीही जवळ आले तरी ते खोडले जाऊ नयेत, एवढी विनंती मी संस्थाचालकांना करतो.