राजीनामा, निवाडा, बजावणी

निवडणूक आणि निवाडा हे दोन शब्द सख्खी भावंडं आहेत, हे वर्तमानपत्र वाचताना सहसा लक्षात येत नाही. दोघांचं मूळ प्राकृतातल्या 'णिव्वड' या धातूपाशी नेतात. वेगळं होणं, स्पष्ट दिसू लागणं, हा त्याचा अर्थ. तांदळातून खडे वेगळे काढणं म्हणजे निवडणं, उमेदवारांच्या गर्दीतून एकाला वेगळं काढणं ही निवडणूक आणि खऱ्यापासून खोटं वेगळं करणं हा निवाडा. 'निकाल' तर आपण दोन्हीकडे बिनदिक्कत वापरतो. मतमोजणीचा निकाल लागतो, खटल्याचाही लागतो. म्हणून 'निकालाविरुद्ध निकाल' असं लिहिलं तरी मराठी वाचक अडखळत नाही.

इथवर सगळं घरचं. पण निवाडा झाल्यावर तो प्रत्यक्षात उतरवायचा म्हटलं की मराठी अरबी-फारसीकडे वळते आणि 'अंमलबजावणी' म्हणते. राज्यव्यवहारकोशापासून भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत अशा शब्दांवर कितीतरी वार झाले, हा शब्द मात्र सगळ्यांना पुरून उरला. 'अमल' म्हणजे अरबीत काम, कृती. अंमलदार, मामला, मामलेदार, पोलिसांच्या तोंडची वॉरंटची 'तामिली', हे सारं त्याच धातूचं गोत्र. नशेचा 'अंमल' आणि 'अंमली पदार्थ'ही त्यातलेच. (सत्तेचा अंमल चढतो असं म्हणताना वेगळी कोटी करावी लागत नाही, ती भाषेनेच करून ठेवली आहे.) 'बजावणी'च्या मागे फारसी 'बजा आवर्दन' आहे : जागी आणणे. त्यातला 'जा' म्हणजे ठिकाण. आपल्या 'जागा' या शब्दातही तोच 'जा' आहे, आणि निवडणुकीत पक्षांची भांडणं होतात ती जागांवरूनच.

'बजावणे' मराठीत तीन कामं करतं. मतदार हक्क बजावतो. बेलिफ समन्स बजावतो. आणि हेडमास्तर, पुन्हा असं करू नकोस म्हणून बजावतात. तिसऱ्या अर्थावर हिंदी 'बजाना'ची, वाजवून सांगण्याची छाया असावी असं मला वाटतं. मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांच्या हातात मुख्यतः हा तिसराच अर्थ आहे. ती बजावून सांगतात. बजावणी करायची असते ज्याच्याविरुद्ध निवाडा गेला त्या राज्यानेच.

मराठेशाहीतल्या न्यायसभांना ही अडचण ठाऊक होती. गावची गोतसभा वतनाचा तंटा चौकशीला घेण्याआधी वादी-प्रतिवादींकडून एक कागद लिहून घेई : सभा जो निर्णय देईल तो आम्हांस मान्य. या कागदाचं नाव राजीनामा. राजी असल्याचा नामा, इतकंच. सोबत जामीन घेतला जाई. निर्णय झाला की जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे आणि हरणारा 'यजितखत' लिहून देई. आपण हरलो, पुन्हा हा वाद काढणार नाही, अशी स्वहस्ते कबुली. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात जमीन सोडायला राजी असल्याचा तो राजीनामा आणि नव्या खातेदाराची ती कबुलायत, अशी जोडी रूढ झाली. सोडण्याचा हा अर्थ मग खुर्चीला जाऊन चिकटला. आज राजीनामा म्हटलं की मंत्रीच आठवतो.

युरोपीय मानवी हक्क कराराचं ४६ वं कलम म्हणजे जुन्या अर्थाचा राजीनामाच. अंतिम निवाडा आम्ही मानू, असं प्रत्येक सदस्य राज्य त्यात लिहून देतं. पण जामीन कोणीच नाही. आपल्या दिवाणी कोर्टात हुकूमनामा मिळाला की दरखास्त दाखल करता येते, जप्ती आणता येते. (तरी इथल्या पक्षकाराची खरी रखडपट्टी हुकूमनामा हाती आल्यावरच सुरू होते, हे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच म्हणून ठेवलं आहे.) स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाला बेलिफ नाही. निवाडा अमलात आला की नाही हे पाहते मंत्र्यांची समिती, म्हणजे सदस्य राज्यांचेच प्रतिनिधी.

बेल्जियमचं प्रकरण घ्या. २५ मे २०१४ला वालोनिया प्रांताच्या संसदेची निवडणूक झाली. शार्लरुआ मतदारसंघात जेर्मां मुगेमानगांगो या डाव्या उमेदवाराला पाच टक्क्यांची अट गाठायला अवघी १४ मतं कमी पडली. वीस हजारांहून अधिक मतपत्रिका कोऱ्या, बाद वा वादग्रस्त ठरल्या होत्या; त्या पुन्हा तपासा, एवढीच त्यांची मागणी. बेल्जियमच्या राज्यघटनेच्या ४८व्या कलमाप्रमाणे निवडून आलेल्यांच्या पात्रतेचा निवाडा सभागृह स्वतः करतं, आणि प्रांतिक संसदेतही तीच रीत. म्हणजे ज्यांच्या जागांबद्दल वाद, त्यांनीच निवाडा करायचा. गंमत अशी की संसदेच्या पडताळणी समितीने फेरमोजणीची शिफारस केली होती. सभागृहाने ती फेटाळली. १० जुलै २०२०ला स्ट्रासबर्गच्या मोठ्या पीठाने मुक्त निवडणुकीच्या हक्काचा भंग झाल्याचं ठरवलं. तोवर मुगेमानगांगो २०१९च्या निवडणुकीत रीतसर निवडून येऊन त्याच संसदेत बसले होते. मतदारांनी जागा दिली, निवाडा मागून आला. बेल्जियमने तो नाकारला नाही. पण त्यांची घटना दुरुस्त करायची तर आधी संसदेने अमुक कलम बदलायला खुलं असल्याचं जाहीर करायचं, मग संसद विसर्जित व्हायची, निवडणूक व्हायची, आणि नव्या संसदेने दोन तृतीयांश मतांनी ते बदलायचं. निवडणुकीच्या वादाचं कलम सुधारायला मध्ये एक निवडणूकच आडवी. या दिरंगाईला मी तरी अप्रामाणिकपणा म्हणणार नाही.

ब्रिटनची तऱ्हा वेगळी. कैद्यांना सरसकट मतदानापासून दूर ठेवू नका, असं २००५ साली हर्स्ट खटल्यात स्ट्रासबर्गने सांगितलं. २०११मध्ये ब्रिटिश खासदारांनी २३४ विरुद्ध २२ मतांनी बंदी कायम ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. शेवटी तात्पुरत्या सुटीवर बाहेर असलेले आणि घरीच नजरकैदेत असलेले कैदी मत देऊ शकतील, असा प्रशासकीय बदल झाला. कायदा तसाच राहिला आणि २०१८मध्ये मंत्र्यांच्या समितीने फाइल बंद केली. आपल्या सरकारी कचेऱ्यांत यासाठी नेमका शब्द आहे : अनुपालन. 'अनुपालन अहवाल सादर' असा शेरा पडला की पुढचं कोणी विचारत नाही. 'पालना'ला हा 'अनु' लागला आणि पालन कागदावरच राहिलं, असा माझा संशय आहे. व्याकरण त्याला पुष्टी देत नाही, पण अनुभव देतो.

बॉस्नियाने तर अहवालापलीकडे पाऊलच टाकलेलं नाही. बॉस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांच्यापलीकडच्या कुणालाही राष्ट्राध्यक्षमंडळाची निवडणूक लढवता येत नाही, ही तिथल्या घटनेतली तरतूद भेदभावाची आहे असा निवाडा २२ डिसेंबर २००९ला झाला. दाद मागणारे दोघे, एक रोमा आणि एक ज्यू. त्यानंतर २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ अशा चार निवडणुका त्याच तरतुदीखाली पार पडल्या.

राजीनाम्याचे दोन्ही अर्थ एकाच जागी पाहायचे तर टांझानियाकडे पाहावं. आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाने २०१३मध्ये मटिकिला खटल्यात अपक्षांनी निवडणूक लढवण्यावरची बंदी बेकायदा ठरवली. टांझानियाने ती उठवली नाही. तिथल्या घटनेचं ४१(७) कलम सांगतं की निवडणूक आयोगाने राष्ट्राध्यक्षाची निवड एकदा जाहीर केली की कोणत्याही न्यायालयाने तिची चौकशी करायची नाही. (आपणही असं एकदा करून पाहिलं आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर १९७५च्या ३९व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवड न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती तरतूद रद्द केली.) टांझानियातल्या या कलमाविरुद्ध जेब्रा कांबोले हे वकील आफ्रिकी न्यायालयात गेले आणि १५ जुलै २०२०ला जिंकले, घटना बदला, असा आदेश झाला. पण त्याआधीच, नोव्हेंबर २०१९मध्ये, व्यक्तींना आणि संस्थांना त्या न्यायालयात थेट दाद मागू देणारी आपली संमती टांझानियाने मागे घेतली होती. ती पूर्वी दिली तो जुना राजीनामा. परत घेतली तो नवा.

वर्षाची मुदत संपून २०२०च्या नोव्हेंबरात ही माघार लागू झाली. त्याच्या महिनाभर आधीची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आणि २०२५चीही ४१(७) कलम कायम असतानाच झाली. ज्या अरुशा शहरात हे न्यायालय भरतं, ते शहर टांझानियातच आहे.