परदेशातली जुनी मर्सिडीज बुलढाण्यात आणता येते का? नियम, खर्च आणि फसवणुकीचे मार्ग

ब्रिटनमध्ये दहा वर्षं जुनी मर्सिडीज सात-आठ हजार पौंडांत मिळते. भारतीय रुपयांत हे साधारण आठ-नऊ लाख झाले. तेवढ्या पैशांत आपल्याकडे नवी छोटी हॅचबॅक येते. मोबाइलवर अशा गाड्यांच्या रील्स पाहिल्या की प्रश्न पडतोच: ही गाडी तिकडून विकत घेऊन, जहाजाने मुंबईला उतरवून तिला 'एमएच २८' पासिंग करून घेता येईल का?

थोडक्यात उत्तर आहे, नाही. तीन वर्षांपेक्षा जास्त जुनी आणि पन्नास वर्षांपेक्षा कमी वयाची परदेशी गाडी सामान्य माणसाला वापरासाठी भारतात आणता येत नाही. आणि जुन्या गाड्यांच्या रील्समध्ये ज्या गाड्या दिसतात, त्या जवळजवळ सगळ्या याच वयातल्या असतात.

असं असूनही 'इम्पोर्टेड गाडी स्वस्तात' म्हणून सौदे होतात. त्यात लोकांचे पैसे अडकतात आणि गाड्या जप्तही होतात. म्हणून नियम नेमका काय आहे आणि कायदेशीर मार्ग कोणता, हे समजून घेऊया.

तीन वर्षांचा नियम काय आहे?

१ एप्रिल २००१ पासून भारताने अनेक वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधनं काढली. त्या वेळी मुरासोली मारन केंद्रीय वाणिज्य मंत्री होते. आता परदेशातल्या जुन्या गाड्यांचा भारतात ढीग लागेल आणि देशातला वाहन उद्योग अडचणीत येईल, अशी भीती तेव्हा होती. म्हणून वापरलेल्या गाड्यांसाठी वेगळ्या अटी घालण्यात आल्या. परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या आयात धोरणात त्या आजही आहेत.

मुख्य अटी अशा:

- गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी. पहिल्या नोंदणीची तारीख इथे धरत नाहीत.
- स्टिअरिंग उजव्या बाजूला असावं.
- स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये असावा.
- हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला योग्य असावा.
- आयातीनंतर किमान पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्यालायक राहील आणि तेवढा काळ भारतात तिची सर्व्हिस मिळेल, याची हमी द्यावी लागते.
- जहाजात चढवण्याआधी तपासणीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. भारतात उतरल्यावर अधिकृत संस्थेची चाचणी असते. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या अशा संस्था आहेत.
- वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आणता येते.

यातल्या दुसऱ्या अटीतच युरोपचा बहुतेक भाग बाद होतो. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन या देशांत स्टिअरिंग डावीकडे असतं. दुबई आणि इतर आखाती देशांतही तेच. उजवं स्टिअरिंग असलेले युरोपीय देश म्हणजे ब्रिटन, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस. त्यातही ब्रिटनमधल्या गाड्यांचा वेग मैलांत दाखवला जातो, म्हणजे तिथे पुढची अट आडवी येते.

मग इतर देशांत लोक जुन्या गाड्या कशा मागवतात?

कारण प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. अमेरिकेत २५ वर्षांपेक्षा जुनी परदेशी गाडी सुरक्षेच्या बऱ्याच नियमांतून सुटते, म्हणून तिथले शौकीन नव्वदच्या दशकातल्या गाड्या मागवतात. केनियात आठ वर्षांपर्यंतची वापरलेली गाडी चालते. इंग्रजी रील्समध्ये '२५ वर्षांचा नियम' ऐकू येतो तो अमेरिकेचा आहे. भारताशी त्याचा संबंध नाही.

गाडी तीन वर्षांच्या आतली असेल तर खर्च किती?

अटींत बसणारी गाडी सापडली तरी ती स्वस्त पडत नाही. २०१३ पासून वापरलेल्या गाड्यांवर मूळ सीमाशुल्कच १२५ टक्के होतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ दर ७० टक्क्यांवर आणला, पण सोबत कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला. त्यामुळे वापरलेल्या गाडीवरचा एकूण भार हलका झाला नाही.

सोप्या हिशेबासाठी शुल्क १२५ टक्केच धरू. गाडीची किंमत, जहाजभाडं आणि विमा मिळून १० लाख रुपये झाले, तर:

- सीमाशुल्क: १२ लाख ५० हजार
- आतापर्यंतची बेरीज: २२ लाख ५० हजार
- त्यावर ४० टक्के जीएसटी (सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांचा दर): ९ लाख
- एकूण: ३१ लाख ५० हजार

चाचणी, बंदरावरचा खर्च, एजंटची फी, राज्याचा एकरकमी वाहन कर आणि विमा यात धरलेला नाही.

अजून एक गोष्ट. तुम्ही गाडी कितीला घेतली याची पावती कस्टम्स जशीच्या तशी मान्य करत नाही. वापरलेल्या गाडीसाठी ती नवी असतानाची किंमत पाहून, वयानुसार घसारा वजा करून मूल्य ठरवलं जातं. म्हणजे परदेशात गाडी मातीमोल भावात मिळाली, तरी शुल्क त्या भावावर लागेलच असं नाही.

परदेशातून कायमचा परतणारा नातेवाईक 'सामानासोबत' गाडी घेऊन येईल, असाही एक समज आहे. विमानतळावरच्या सामानाला जी करसवलत मिळते, तिच्यात मोटारगाडी येत नाही.

व्यापार करारांमुळे फरक पडेल का?

भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्यात गाड्यांवरचं शुल्क ठरलेल्या कोट्यापुरतं, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. युरोपीय संघाशीही भारताची अशीच बोलणी झाली आहेत. पण शुल्क कमी होणं आणि जुन्या गाडीला परवानगी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वयाची अट आयात धोरणात आहे आणि शुल्क उतरलं म्हणून ती आपोआप सुटत नाही.

पन्नास वर्षांपुढची गाडी आणता येते?

हो. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच ही सूट होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये डीजीएफटीने नियम बदलला. आता ५० वर्षं पूर्ण झालेली व्हिंटेज गाडी परवान्याशिवाय मागवता येते. ही मर्यादा दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकते. शुल्क मात्र भरावंच लागतं.

अशा गाडीची नोंदणी केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार होते. नंबर प्लेटवर राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. पहिल्या नोंदणीची फी २० हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. गाडी मूळ रूपात जपलेली हवी. आणि मुख्य अट म्हणजे ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते. म्हणजे चिखलीहून खामगावला लग्नाला जायला ही गाडी नाही.

हा शौक असेल तर परदेशात जायचीही गरज नाही. इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनत असे. पुढे तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. पन्नाशी ओलांडलेली आणि मूळ रूपात असलेली अशी गाडी भारतातच मिळाली, तर तिलाही व्हिंटेज नोंदणी मिळू शकते.

तरीही 'इम्पोर्टेड, स्वस्तात' गाड्या विकायला येतात, त्या कुठून?

तपास यंत्रणांच्या कारवायांतून प्रामुख्याने तीन मार्ग समोर आले आहेत.

पहिला मार्ग राजदूतांच्या नावाचा. परदेशी वकिलातींच्या अधिकाऱ्यांना गाडी आणताना शुल्कमाफी असते. त्यांच्या नावाने गाड्या आणून बाहेर विकल्याच्या संशयावरून महसूल गुप्तचर संचालनालयाने जुलै २०२१ मध्ये 'ऑपरेशन माँटे कार्लो' केलं होतं.

दुसरा मार्ग भूतानचा. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' सुरू केलं आणि केरळमध्ये ३० हून अधिक गाड्या ताब्यात घेतल्या. भूतानमधून जुन्या गाड्या बेकायदा आणायच्या, लष्कर किंवा वकिलातींच्या नावाचे बनावट कागद करायचे आणि दुसऱ्या राज्यात नोंदणी करून विकायच्या, असा कस्टम्सचा आरोप आहे. काही नामांकित लोकांच्या घरीही झडती झाली.

तिसरा मार्ग कार्नेचा. परदेशी पर्यटक आपली गाडी 'कार्ने' नावाच्या हमीपत्रावर तात्पुरती भारतात आणू शकतो. शुल्क लागत नाही, पण ठरलेल्या मुदतीत गाडी परत न्यावी लागते. अशी गाडी इथेच विकली तर ती तस्करी ठरते.

पकडली गेली तर नुकसान कोणाचं?

गाडी ज्याच्या दारात उभी आहे, त्याचं. सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार चुकीच्या मार्गाने आलेली वस्तू जप्त होऊ शकते. ती पुढे किती जणांच्या हातून गेली, याने तिचा मूळ दोष पुसला जात नाही.

शुल्काची जबाबदारी हा वेगळा मुद्दा आहे. एका पोर्शे करेराच्या प्रकरणात आयातीच्या वेळी खोटी माहिती दिल्याचा आरोप होता आणि शुल्काची मागणी नंतरच्या खरेदीदाराकडे झाली. हा खरेदीदार आयातदार नाही, म्हणून शुल्क त्याच्याकडून वसूल करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. पण त्यासाठी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. इसार देऊन, उरलेले पैसे हप्त्याने फेडणाऱ्या माणसाला ही लढाई परवडेल का, हा प्रश्न सौद्याआधीच विचारलेला बरा.

मग युरोपीय गाडी घ्यायची कशी?

भारतातच बनलेली किंवा जोडलेली आणि इथेच नोंदलेली गाडी घेणं हा सरळ मार्ग आहे. त्यासाठी बुलढाण्याहून फार लांब जायला नको. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे. मर्सिडीज नव्वदच्या दशकापासून पुणे परिसरात गाड्या जोडते. २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींच्या त्या खरेदीची देशभर चर्चा झाली. त्या काळातल्या गाड्यांनी आता पंधरा वर्षं ओलांडली आहेत.

जुन्या बाजारात दिल्लीकडून येणाऱ्या गाड्याही बऱ्याच असतात. राजधानी परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथे त्यांचे भाव पडले. अशी गाडी घेणं बेकायदा नाही. मात्र दिल्लीच्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्रातला कर हे दोन खर्च आधीच धरावे लागतात.

पैसे देण्याआधी हे तपासा:

1. परिवहन विभागाच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. मालकाची नोंद, नोंदणीची तारीख, विमा आणि बँकेचा बोजा पाहा.
2. चेसिसवर कोरलेला १७ अक्षर-अंकांचा क्रमांक आरसी, विमा आणि सर्व्हिस रेकॉर्डशी जुळवा. एक अक्षर वेगळं असलं तरी थांबा.
3. गाडी थेट आयात झालेली असेल तर 'बिल ऑफ एंट्री' आणि शुल्क भरल्याची पावती मागा. त्यावरचं उत्पादन वर्ष आणि आयातीची तारीख यांत तीन वर्षांपेक्षा जास्त अंतर असेल तर सौदा सोडा.
4. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० पूर्ण असल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. बोजा उतरवायचा असेल तर फॉर्म ३५ लागतो.
5. 'कागद नंतर देतो' किंवा 'लष्कराच्या लिलावातली आहे' असं सांगितलं, तर मूळ कागद घेऊन आरटीओत खात्री करा.

पुढचा खर्चही पाहा

एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५ हजार रुपये आहे, तर आयात गाडीची ४० हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी हे आकडे १० हजार आणि ८० हजार झाले. नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण करही येतो.

शिवाय महागड्या युरोपीय गाडीच्या सर्व्हिससाठी बुलढाण्याहून बहुधा संभाजीनगर किंवा नागपूर गाठावं लागतं. गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. ५० लाखांची गाडी ६ लाखांत मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स ५० लाखांच्या गाडीचाच असतो. म्हणून सौदा करण्याआधी त्या मॉडेलच्या गिअरबॉक्सचा, सस्पेन्शनचा आणि चार टायरचा भाव वर्कशॉपमध्ये विचारून घ्या.