वक्ररेषेची मोकळीक

जहाजाचे पोट कागदावर काढणे आणि तेच पोट लाकडात उभे करणे या दोन कामांमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरातच वक्ररेषेच्या व्यवहारी शास्त्राचा जन्म झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधल्या गेलेल्या ‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकेची हकिकत या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. ब्रिटिश आरमाराच्या दप्तरातून तिचे नकाशे १८१२ साली ‘जावा’ नामक जहाजावरून मुंबईकडे रवाना झाले. परंतु वाटेत, ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक, ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन नौकेशी गाठ पडून ‘जावा’ नष्ट झाले, त्याबरोबर नकाशेही गेले, आणि विलायतेहून दुसरी प्रत मागवावी लागली. जमशेटजी बोमनजी वाडियांसारखा जहाजबांधणीत मुरलेला कारागीर येथे हजर, मलबारचे सागवान उपलब्ध, आणि तरीही नकाशाची वाट पाहणे प्राप्त होते. कारण अमुक वर्गाच्या नौकेची प्रत्येक फासळी कोठे किती वळावी, ही गोष्ट अंदाजाच्या हवाली करण्यासारखी नव्हती. १८१७ च्या ऑक्टोबरात ती नौका पाण्यात उतरली, आणि आज इंग्लंडात हार्टलपूल येथे ती जतन करून ठेवलेली आहे.

नकाशावरचे वळण पूर्ण आकारात उतरवून घेण्यासाठी जहाजबांधणीच्या कारखान्यांत एक प्रशस्त लाकडी जमीन राखून ठेवण्याचा रिवाज असे. तिच्यावर मोजून घेतलेल्या खुणांवरून एक लांब, लवचीक पट्टी वाकवून नेत आणि ती सुटू नये म्हणून जागोजागी शिशाची वजने ठेवीत. दोन वजनांच्या मध्ये पट्टीने कसे जावे, याविषयी कोणाचाही हुकूम नसे. ती आपल्या स्वभावानुसार, कमीत कमी वाकून, जाई. वाकलेल्या पट्टीच्या या स्वभावाचे गणित जेकब बर्नुलीने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडावयास घेतले आणि ऑयलरने १७४४ साली त्याचा सांगोपांग विचार केला. पण जमिनीवर गुडघे टेकून काम करणाऱ्या कारागिराला त्या गणिताची गरज पडत नसे. त्याच्यापाशी त्याहून उपयुक्त अशी एक कसोटी होती. तो एखादे वजन अलगद उचलून पाही. पट्टी जागची हलली नाही, तर ते वजन तेथे असून नसून सारखेच. ती उसळून बाजूला सरकली, तर त्या वजनाने तिला तिच्या प्रकृतीविरुद्ध दाबून धरले होते, आणि मग मापात कोठेतरी खोट आहे असे समजून ती शोधणे भाग पडे. एक वजन उचलण्याच्या या साध्या कृतीत अनावश्यक बंधन आणि विरोधी बंधन यांतील भेद संपूर्णपणे सामावलेला आहे. दीडशे वर्षांनी गणकयंत्राला जो भेद मोठ्या सायासाने शिकवावा लागला, तो हाच.

पुढे कारखान्यांतून स्वतंत्र ड्रॉइंग ऑफिसे निघाली आणि वक्ररेषेची मालकी कारागिराकडून ड्राफ्ट्समनकडे गेली. त्याच्या कामाचा विशेष असा की त्यात प्रत्येक रेषेला पूर्वज असे. दोन सरळ रेषांमधला कोपरा दिलेल्या त्रिज्येने गोलवावयाचा असेल, तर तो प्रथम त्या रेषांना त्रिज्येइतक्या अंतरावर दोन समांतर रेषा काढी. त्या जेथे छेदतील तो कंसाचा केंद्रबिंदू. केंद्रापासून मूळ रेषांवर लंब टाकले की स्पर्शबिंदू मिळाले. मग कंपास फिरवून कंस काढावयाचा आणि साहाय्यक रेषा खोडून टाकावयाच्या. या क्रमात कोठेही विरोध उद्भवण्यास वाव नव्हता. कारण नंतर येणारी रेषा आधीच्या रेषांवर अवलंबून असे, आधीची नंतरच्या रेषेवर कधीच नसे. एका प्रश्नाची अनेक उत्तरे निघाली, तर योग्य ते निवडण्याचा अधिकारही हाताकडे आणि डोळ्यांकडेच होता. पेर्गा येथील अपोलोनियसने विचारलेल्या सुप्रसिद्ध प्रश्नाला, म्हणजे दिलेल्या तीन वर्तुळांना स्पर्श करणारे चौथे वर्तुळ काढण्याच्या प्रश्नाला, सर्वसाधारण स्थितीत आठ उत्तरे निघू शकतात. त्याचा मूळ ग्रंथ लुप्त झाला, आणि १६०० साली व्हिएत या फ्रेंच गणितज्ञाने तो आपल्या बुद्धीने पुन्हा रचला. आठांपैकी कोणते वर्तुळ हवे, हे नकाशा काढणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून त्याला आठांची अडचण कधी भासत नाही.

१९६३ च्या जानेवारीत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आयव्हन सदरलँड या चोवीस वर्षांच्या तरुणाने क्लॉड शॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली आपला प्रबंध सादर केला, आणि हा जुना क्रम प्रथमच मोडला गेला. ‘स्केचपॅड’ या नावाच्या त्याच्या प्रणालीत, लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या यंत्राच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने ओबडधोबड षट्कोन काढावा, त्याचे कोपरे एका वर्तुळावर असावेत असे फर्मावावे, सर्व बाजू समान असाव्यात असे फर्मावावे, आणि यंत्राने तो षट्कोन डोळ्यांदेखत सुडौल करून द्यावा, अशी तजवीज होती. रेषा कशी काढावयाची हे सांगण्याऐवजी ती कशी असली पाहिजे हे सांगण्याची मुभा माणसाला येथे प्रथम मिळाली. या घटनेचे महत्त्व कितीही वर्णिले तरी थोडेच. परंतु सदरलँडच्या प्रबंधातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याचे यंत्र बंधने पाळण्यासाठी प्रथम एक क्रम शोधू पाही. जो बिंदू इतका मोकळा आहे की इतर सारे ठरल्यानंतर त्याला सुखाने जागी बसवता येईल, तो बाजूला काढावयाचा. मग उरलेल्यांत तसा दुसरा शोधावयाचा. आणि अशा रीतीने सगळ्यांची रांग लागली, तर एकाच फेरीत काम उरकावयाचे. अशी रांग लागत नसेल तेव्हाच सर्व बिंदू थोडेथोडे सरकवून एकूण चूक हळूहळू कमी करण्याचा लांबचा मार्ग ते स्वीकारी. क्रमाचे राज्य ज्याने मोडले, त्यानेच क्रमाला पहिला मान दिला होता.

पुढे १९८१-८२ च्या सुमारास त्याच संस्थेत गोसार्ड, लाइट आणि लिन यांनी बंधनांचा हिशेब समीकरणांच्या भाषेत मांडला. प्रत्येक बिंदूचे दोन सहनिर्देशक ही अज्ञाते, प्रत्येक माप हे एक समीकरण, आणि सर्व समीकरणे न्यूटनच्या रीतीने एकदम सोडवावयाची, असा हा बंदोबस्त. यात अज्ञाते किती आणि समीकरणे किती, हा पहिला प्रश्न. पण केवळ मोजणीने तो सुटत नाही, हे त्यापूर्वीच सिद्ध झालेले होते. मॅक्सवेलने १८६४ साली सांगाड्यांच्या दृढतेसंबंधी अशी मोजणी केली. हिल्डा पोलाचेक-गायरिंगर या विदुषीने १९२७ साली, आणि तिच्या कार्याची वार्ता नसताना गेरार्ड लामन या डच गणितज्ञाने १९७० साली, मॅक्सवेलच्या मोजणीतील उणीव भरून काढली. पाच बिंदूंची आकृती निश्चित करण्यास सात अंतरे पुरतात. पण त्या सातांपैकी सहा अंतरे चारच बिंदूंमध्ये खर्ची पडली, तर त्या चौघांना एक बंधन जास्त होते, आणि पाचवा बिंदू एकाच अंतरावर लोंबकळत राहतो. एकूण बेरीज बरोबर, आणि आकृती मात्र एका अंगाने जखडलेली व दुसऱ्या अंगाने ढिली! आजचा अभियंता ज्या स्केचपुढे हताश होतो, ज्यात एकाच वेळी ‘ओव्हर-डिफाइन्ड’ची तांबडी खूण दिसते आणि एक टोक माउसने ओढले असता मोकळे फिरते, त्याचे निदान या दोघांनी करून ठेवलेले आहे.

वक्ररेषा आली की हे सुबक गणितही अपुरे पडते. येथे किंचित तपशिलात शिरणे आवश्यक आहे, कारण वक्ररेषांच्या बंधनांतील फार मोठ्या भागाच्या तक्रारी या एकाच ठिकाणी उगम पावतात. एका कंसाचे टोक आणि एका रेषेचे टोक जुळवून ठेवले आहे, असे समजा. आता रेषा त्या कंसाला स्पर्श करणारी हवी, म्हणून आपण यंत्राला सांगतो की वर्तुळाच्या केंद्रापासून रेषेचे लंबांतर त्रिज्येइतके असावे. वाक्य भूमितीच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु रेषा वर्तुळावरील बिंदूतून जाते हे आधीच ठरले असल्याने ते लंबांतर त्रिज्येहून अधिक होऊच शकत नाही. स्पर्शाच्या स्थितीत ते आपल्या परमावधीला पोहोचलेले असते, आणि परमावधीच्या ठिकाणी रेषा किंचित इकडे फिरवली काय किंवा तिकडे फिरवली काय, लंबांतरात पहिल्या नजरेला फरक दिसत नाही. यंत्राची सारी दृष्टी या पहिल्या नजरेवरच चालते. त्यामुळे त्या फिरण्याला अडवणारे बंधन समोर असूनही ते यंत्राच्या हिशेबात येत नाही; कधी ते अनावश्यक ठरते, तर कधी उत्तर शोधताना यंत्र अडखळत राहते. तोच स्पर्श, टोकाच्या बिंदूपाशी त्रिज्या आणि रेषा परस्परांना लंब असाव्यात अशा शब्दांत सांगितला, तर अडचण नाहीशी होते. कारण कोन फिरण्याला तत्काळ प्रतिसाद देतो. म्हणूनच आजच्या प्रणालींत दोन टोके निवडून दिलेला ‘टँजंट’ आणि दोन रेषा निवडून दिलेला ‘टँजंट’ यांत भेद करावा लागतो. ड्राफ्ट्समन लंब टाकूनच स्पर्शबिंदू काढीत असे. त्याने कधी लंबांतर मोजून स्पर्श ओळखला नाही, आणि त्याची ती जुनी रीत योग्य होती याचा दाखला अशा आडवळणाने मिळाला.

कंस आणि वर्तुळ यांपलीकडच्या मुक्त वक्रांचा इतिहास स्वतंत्रपणे, फ्रान्सच्या मोटारींच्या कारखान्यांत घडला. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ च्या सुमारास जी रीत शोधली ती कंपनीने गुप्त राखली. रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी साठीच्या दशकात त्याच प्रकारचे वक्र उघडपणे मांडले, आणि नाव त्यांचे झाले. या वक्राला आकार देणारे नियंत्रण-बिंदू स्वतः सहसा वक्रावर नसतात. पण टोकापाशी त्याची दिशा पहिल्या दोन बिंदूंनी आणि वक्रता पहिल्या तीन बिंदूंनी ठरते. म्हणून अशा वक्राला टोकाशी बांधणे सोपे, आणि मध्ये कोठेतरी एखाद्या रेषेला टेकवणे अवघड: वक्रावरची ती जागा स्वतःच एक नवे अज्ञात होऊन बसते. लाकडी पट्टीला मध्यभागी वजन ठेवणे हे सर्वांत सोपे काम होते, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही.

सोव्हिएत रशियातून अमेरिकेत आलेले गणितज्ञ सॅम्युएल गाइसबर्ग यांनी १९८५ साली पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशन स्थापन केली, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत ‘प्रो-एंजिनिअर’ ही प्रणाली बाजारात आणून क्रमाला त्याचे सिंहासन परत दिले, परंतु अर्धेच. घन वस्तूचे भाग कोणत्या क्रमाने घडले याची वंशावळ तेथे जपली जाते. त्या प्रत्येक भागाच्या मुळाशी असलेल्या सपाट रेखाटनात मात्र सर्व बंधने एकाच वेळी, क्रमाविना, लागू होतात. १९८९ मध्ये केंब्रिज येथे डी-क्यूब्ड ही संस्था स्थापणाऱ्या जॉन ओवेन यांनी त्या रेखाटनातही गुप्तपणे क्रम शोधला. बंधनांचे जाळे सोडवीत सोडवीत त्याचे त्रिकोणांसारखे लहान तुकडे पाडावयाचे, आणि प्रत्येक तुकडा वर्गसमीकरणाने, म्हणजे तत्त्वतः पट्टी आणि कंपासने, सोडवावयाचा, ही त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली रीत. वर्गसमीकरणाला दोन उत्तरे असतात; त्यांपैकी वापरणाऱ्याने काढलेल्या कच्च्या आकृतीशी जुळणारे ते निवडले जाते. एखादे माप फार बदलले असता कंस अकस्मात रेषेच्या पलीकडच्या बाजूला उलटतो, तो याच कारणाने. अपोलोनियसच्या आठ उत्तरांपैकी हवे ते निवडणारा डोळा यंत्राला नाही. कच्ची आकृती हाच त्याचा डोळा, आणि म्हणून ती शक्य तितकी खऱ्या मापाजवळ काढणे हे कामाचे पहिले पथ्य आहे.

आज पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यातील डिझाइनच्या कचेऱ्यांतून हेच काम हजारो हात करतात, आणि रेखाटन तांबडे झाले म्हणजे शेवटचे बंधन काढून टाकण्याचा मोह सर्वांनाच होतो. यंत्रही बहुधा शेवटच्यालाच दोषी धरते, कारण त्याच्या येण्यापूर्वी सर्व काही सुरळीत होते. हा निवाडा घाईचा आहे. पुष्कळदा खरा अपराध फार आधी, रेषा काढताना कर्सर एखाद्या बिंदूजवळून गेला तेव्हा यंत्राने परभारे लावून टाकलेल्या एखाद्या ‘होरिझाँटल’ किंवा ‘कोइन्सिडंट’ बंधनाचा असतो, आणि तो उघडकीस आणावयाचा तर एकेक बंधन तात्पुरते दूर करून काय हलते ते पाहावे लागते. मात्र विरोध हा कोणत्याही एका बंधनाचा दोष नसून त्यांच्या समुदायाचा असतो. विरोधात सापडलेल्या पाच बंधनांपैकी कोणतेही एक काढले तरी आकृती निर्वेध होते, आणि कोणते काढावे हे त्या पाचांत कोठेही लिहिलेले नसते. गिअरबॉक्सच्या आवरणातील दोन बेअरिंगांचे अंतर दातांच्या संख्येने आणि मापाने ठरून आलेले असते, त्याला धक्का लावता येत नाही. बोल्टांच्या भोकांचे वर्तुळ समोरच्या भागाशी जुळावयाचे असते, तेही अढळ. पण त्यांच्यामधून वळत जाणाऱ्या भिंतीची त्रिज्या केवळ ओतकामात धातू सुलभपणे वाहावा म्हणून दिलेली असते, आणि ती आठाऐवजी साडेसात मिलिमीटर झाली तर कोणाचेही काही बिघडत नाही. म्हणून अशा प्रसंगी माप काढावयाचे ते त्या त्रिज्येचे, आणि कंसाला दोन्ही टोकांचा स्पर्श तेवढा ठेवून त्याची त्रिज्या त्यालाच ठरवू द्यावयाची.